कूट

आमच्या घरात आता कूट नाही.
पितळी डबा आहे, झाकणावर आईचं नाव कोरलेलं.
त्यात आम्ही शर्टांची सुटलेली बटणं ठेवतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं.
मग मोजून बघा एकदा:
काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फदफदं,
उपासाची खिचडी, भगरीवरची आमटी,
रस्सा पातळ झाला म्हणून ऐनवेळी टाकलेली मूठ.
देवाला नैवेद्य दाखवायचा राहील एखादे दिवशी,
ती मूठ राहत नाही.

शाल्मली साडेतीन वर्षांची होती.
सिन्नरला आत्याकडे साखरपुडा,
कोशिंबिरीचा एकच घास.
आधी ओठ सुजले, मग आवाज गेला.
शिंदे गेलं, पळसे गेलं,
नाशिकरोडचे दिवे काही येईनात.
मागच्या सीटवर हेमा तिला सांगत होती,
श्वास घे, श्वास घे,
आणि स्टिअरिंगवर मीच ते ऐकत होतो.

मग नवी कढई आली, नवा खलबत्ता,
मिक्सरच्या भांड्याला लाल चिकटपट्टी.
मी अंबडच्या टूलरूममधला माणूस,
केसाएवढी चूक बोटाला कळते माझ्या.
तरी बिस्किटाच्या पुड्यामागची मुंगीएवढी अक्षरं
वाचता वाचता चष्मा लागला.

वांग्यांत कारळे भरून पाहिले.
शाल्मली म्हणाली, बाबा, वांग्याच्या पोटात रात्र झालीय.
खाल्ली मात्र तीन.
दिवाळीच्या चिवड्यात दुप्पट डाळं, खोबऱ्याचे काप
आणि निफाडच्या मामांचे बेदाणे.
पाहुणे मुठीत घेतात, बोटाने चाळतात,
काहीतरी शोधतात,
बोलत नाहीत.

महाशिवरात्रीला खिचडीचा गोळा झाला.
कूट नसलं की साबुदाणे
एकमेकांचा हात सोडत नाहीत.
समोरच्या कोठावदे काकूंनी चमचाभर चाखली.
म्हणाल्या, ही खिचडी नाही रे, ही खळ आहे.
मला राग आला.
दुसऱ्या दिवशी त्याच दारात, हातात वाटी:
भिजवल्यावर तुपाचा हात लाव,
सुकं खोबरं कोरडंच भाज, गार झालं की कूट, मग घाल,
आणि ही वाटी नवी आहे, दाण्याला शिवलेली नाही.
संक्रांतीला त्या आधी शाल्मलीचे लाडू वळतात,
नुसत्या तिळाचे.
मग आंघोळ केल्यासारखा ओटा धुतात
आणि बाकीच्या बिल्डिंगचे.
नाही, चुकलं, ओटा त्या आधीही धुतात.

हे सगळं सांगतोय,
पण सांगायचं होतं ते वेगळंच.
रात्रपाळी सुटल्यावर कधीकधी
कंपनीच्या गेटाबाहेर त्या गाडीपाशी थांबतो.
वाळूत भाजलेल्या गरम शेंगा, कागदाची पुडी.
अंधारात उभा राहून खातो,
टरफलं तिथंच गटारीत.
मग नळावर तीनदा चूळ, साबण, नखं,
डिकीतला दुसरा शर्ट.
घरी येतो, ती झोपलेली असते,
पांघरूण सारखं करतो
आणि पापी सकाळपर्यंत राखून ठेवतो.
हेमाला ठाऊक आहे, असं वाटतं.
धुण्यात शर्ट दोन असतात.

आता शाल्मली नऊ वर्षांची आहे.
परवा एकादशीला ओट्यावर बसून पाय हलवत म्हणाली,
बाईंनी सांगितलं, कूट म्हणजे कोडं.
म्हटलं, बरोबर.
मग म्हणाली, दाणा लागतो कसा?

कढईत जिरं तडतडत होतं.
मी म्हणालो, विशेष काही नाही गं.

मग सगळे सगळ्यात का घालतात?

मी साबुदाणा टाकला,
एकदा खालीवर केला,
झाकण ठेवलं.
पाच मिनिटं, मंद आचेवर,
काकूंनी सांगितल्याप्रमाणे.